साहेबांच्या कानावर

मृणालिनीने ट्रे एका हातावर तोलला, कोपराने दार ढकललं, आणि आतलं हसणं थांबलं.

बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. ईशा त्यांच्यासमोर गालिच्यावर मांडी घालून बसली होती आणि दोघांच्या मध्ये स्टुलावर तिचा फोन उताणा पडला होता, रेकॉर्डिंग चालू. बाबांच्या डोळ्यांत अजून पाणी होतं, हसून आलेलं.

"काय चाललंय एवढं?" मृणालिनीने विचारलं.

"काही नाही गं. जुनं," बाबा म्हणाले.

"अहो ताई, ऐका तरी. काकांच्या छत्रीवाल्यांनी भर एप्रिलमध्ये मोर्चा काढला होता, सचिवालयावर. छत्रीच्या काड्यांना लागणाऱ्या तारेचा सरकारी कोटा वाढवा म्हणून. पाचशे माणसं, सगळ्यांच्या छत्र्या उघडलेल्या. पोलिसांना कळेचना, हा मोर्चा आहे का उन्हाचे चाललेत बिचारे."

"पाचशे कुठले? दोनशेसुद्धा नव्हते. पाचशे पेपरात आले," बाबा म्हणाले.

मृणालिनीने कप ठेवले आणि या वेळी ती परत गेली नाही. पलंगाच्या कडेवर बसली. बाबांच्या गुडघ्यांवरून घसरलेली शाल तिने सारखी केली, हीट पंप एका अंशाने वाढवला.

"मग आणीबाणी आली," ईशाने धागा उचलला. "तेव्हा संघाचं काय झालं?"

बाबांनी मुलीकडे पाहिलं, मग कपाकडे.

"काय व्हायचं? मोर्चे बंद. सभेला परवानगी लागे. अर्ज करायचा, पोच घ्यायची."

"बस?"

"बस. चहा घे, गार होतोय."

मृणालिनी थोडा वेळ बसून राहिली. मग रिकामा ट्रे उचलून बाहेर आली. दार लागलं आणि स्वयंपाकघरात पोचेपर्यंत मागे बाबांचा आवाज पुन्हा सुरू झाला होता. वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटमधल्या त्या लाकडी घराच्या भिंती पातळ होत्या. पलीकडून आवाज यायचा, शब्द यायचे नाहीत. तिचं कामच तसं होतं. भूकंपमापकावरच्या रेघा वाचायच्या आणि दूर जमिनीखाली काय झालं असेल ते ओळखायचं. बाबांच्या आवाजातल्या चढउतारांवरून मात्र तिला इतकंच कळत होतं, की तिकडे पुष्कळ काही घडतंय, आणि ती आत गेली की ते थांबतं.

ईशाला घरी आणलं होतं तिनेच. वेलिंग्टनच्या मराठी मंडळात गणपतीला ही पुण्याची मुलगी भेटली. विद्यापीठात पीएचडी करते म्हणाली. विषय कळेना म्हणून मृणालिनीने तो दोनदा विचारला होता. हुकूमशाही सरकारांच्या काळात व्यापाऱ्यांचे, कारखानदारांचे, कामगारांचे संघ आपलं म्हणणं सरकारपर्यंत कसं पोचवत आले, त्याचा इतिहास. मृणालिनी सहज म्हणून गेली, "माझे बाबा मुंबईत छत्री उत्पादक संघाचे पगारी चिटणीस होते. आणीबाणीतसुद्धा." ईशाच्या हातातली मोदकाची वाटी तशीच राहिली होती.

त्यानंतर दर शनिवारी ती वेलिंग्टनहून आगगाडीने येऊ लागली. आणि शनिवारी सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालू लागले.

*

संध्याकाळी ईशाला स्टेशनवर सोडायला मृणालिनी गाडीने निघाली. डोंगरांवरून वारा खाली येत होता. बसथांब्यापाशी एक मोडकी छत्री कचऱ्याच्या डब्यात डोकं खाली करून उभी होती.

"काका म्हणतात, वेलिंग्टनला छत्र्यांचं दुकान काढायला हवं होतं. इथे पावसाची वाट बघायला नको, वाराच गिऱ्हाईक आणून देतो," ईशा म्हणाली.

मृणालिनीला हे बाबा कधी म्हणाले नव्हते.

"ताई, तुम्ही लकी आहात हां. माझे प्रोफेसर म्हणाले, या माणसावर एक अख्खं प्रकरण होईल. बघा ना, स्पेनमध्ये काय झालं? सरकारनेच संघ बांधून दिले. मालक, मजूर, सगळे एका छपराखाली, वर सरकारचा माणूस. ब्राझीलमध्ये संघ नावाला राहिले आणि खरी कामं अधिकाऱ्यांच्या ओळखीपाळखीतून व्हायला लागली. इंडोनेशियात एकच सरकारमान्य चेंबर. जिकडे तिकडे आधी तोंडं बंद होतात. पण गरजा काय बंद होतात? मग माणसं दुसरी वाट काढतात. ती वाट कागदावर कुठेच सापडत नाही. काकांनी ती मला चालून दाखवली."

"म्हणजे?"

"ते डोळ्यांचे डॉक्टर हो. तुम्हाला माहीत असेलच."

"सांग तरी," मृणालिनी म्हणाली. तिने सिग्नलकडे पाहिलं. तो हिरवा होता.

ईशाने सांगितलं. तारेचा कोटा ज्या साहेबांच्या हातात होता, त्यांना भेटायची सोय राहिली नव्हती. निवेदन दिलं तर कोणाची फूस आहे म्हणून चौकशी. मग काकांनी शोधून काढलं, की साहेब रविवारी पत्त्यांचा ब्रिज खेळतात आणि त्यांचे जोडीदार एक डोळ्यांचे डॉक्टर आहेत. डॉक्टर रोज पहाटे माटुंग्याच्या फाइव्ह गार्डनमध्ये फिरायला येत. काकाही जाऊ लागले. सबंध हिवाळाभर. डॉक्टरांपाशी त्यांनी तारेचा शब्द काढला नाही, संघाचा काढला नाही. आपल्या गावच्या गोष्टी सांगितल्या. लहानपणी आम्ही इरलं पांघरून शाळेत जायचो, पुस्तकं भिजायची, मास्तर वर्गात दोरी बांधून ती वाळत घालायचे. आणि मग एकदा, बोलता बोलता, परवा भाऊ आला होता गावाहून, म्हणतो गेल्या पावसात पोरांनी पुन्हा इरली काढली, बाजारात छत्रीच नव्हती.

"आणि मे महिन्यात साहेबांनी काकांना बोलावून झापलं. काका नक्कल करून दाखवतात. 'गेल्या पावसात कोकणात पोरं भिजली, ते मला कळतं आणि तुम्हा लोकांना कळत नाही? झोपलात काय?' काका मान खाली घालून म्हणाले, 'चुकलं साहेब.' आणि कोटा दीडपट झाला." ईशा स्वतःशीच हसली. "मी विचारलं, डॉक्टरच का? तर म्हणाले, डॉक्टरांना काही नको होतं. ज्याला काही नको असतं, त्याचंच साहेबांना खरं वाटतं. साहेबांकडे मागायचं नाही. मागितलं की ते नाही म्हणू शकतात. हकीकत म्हणून त्यांच्या शेजाऱ्याच्या कानावर घालायची आणि आपण घरी जायचं."

स्टेशन आलं. "थँक्स ताई, पुढच्या शनिवारी?" म्हणत ईशा उतरली, आणि वाऱ्याने तिच्या हातून दार ओढून आपटलं.

मृणालिनी बराच वेळ गाडी तशीच ठेवून बसली. तो हिवाळा तिलाही माहीत होता. तेव्हा त्यांचं घर दादरला होतं, ती दुसरीत होती. बाबा पहाटे फिरायला जात, आणि एके दिवशी हट्टाने कॅनव्हासचे बूट घालून ती दारात उभी राहिली होती. बाबा म्हणाले होते, "तू झोप. मी आलोच." त्यांना यायला उशीर झाला, ती बूट घालूनच उंबऱ्यावर झोपली. फिरणं तब्येतीसाठी आहे असं आईने सांगितलं होतं. मृणालिनीने इतकी वर्षं ते खरं मानलं होतं.

*

मंगळवारी जेवताना तिने विचारलं. नवरा, गंधार, भूकंपानंतरच्या पुनर्बांधणीच्या कामावर क्राइस्टचर्चला होता, महिन्यातून दोनदा घरी यायचा. एरवी टेबलाशी ती आणि बाबाच असत.

"बाबा, दादरला असताना तुम्ही पहाटे फिरायला जायचात ना?"

"हो."

"एकटेच?"

"असायचं कोणीतरी."

"कोण?"

"ईशाला सांगितलंय गं सगळं," बाबा म्हणाले. "तिच्याकडे आहे." चष्मा टीव्हीपाशी आहे, हे ज्या सुरात सांगावं, त्याच सुरात.

मृणालिनीने त्यांच्या पानात आणखी थोडा भात वाढला. त्यांनी नको म्हटलं नाही.

"वरुणचा फोन होता," ती म्हणाली. वरुण तिचा मावसभाऊ, ठाण्याचा. "आपल्या ठाण्याच्या फ्लॅटला गिऱ्हाईक पक्कं झालंय. डिसेंबरमध्ये मी जाऊन सगळं आटपून येते. तुम्हाला दगदग नको. सह्या इथूनच होतील."

"तू म्हणशील तसं," बाबा म्हणाले.

आई गेल्यावर त्या फ्लॅटला कुलूप लागलं होतं. बाबांना इकडे आणायचं मृणालिनीने ठरवलं, व्हिसा तिने काढला, खोलीचा रंग तिने निवडला. हायवे ओलांडायचा नाही, संध्याकाळनंतर बाहेर पडायचं नाही, हे नियमही तिचेच. बाबांनी कशालाच हरकत घेतली नव्हती. किती समजूतदार आहेत, असं ती मैत्रिणींना सांगत असे.

शुक्रवारी दुपारी ऑफिसमध्ये बसून तिने ईशाला मेसेज केला. 'बाबांना जरा बरं नाहीये. उद्या नको.' लगेच उत्तर आलं, 'ओह नो. काळजी घ्या. काकांना सांगा, हीप्स ऑफ लव्ह.' ते तिने बाबांना सांगितलं नाही.

शनिवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीशी बसले. ती दोनदा खोलीत डोकावली. तिसऱ्यांदा चहा घेऊन गेली, स्वतःचाही कप घेऊन, आणि ईशा बसते तिथे, गालिच्यावर बसली.

"ईशाला काम निघालं," ती म्हणाली.

"असेल," बाबा म्हणाले.

दोघांनी चहा प्यायला. तिने छत्र्यांबद्दल विचारलं. बाबा म्हणाले, छत्रीला आठ काड्या असतात, सोळाचीही येते. मग म्हणाले, जरा पडतो. दुपारभर त्यांच्या खोलीतून काहीच आवाज आला नाही.

पुढच्या शनिवारी ईशा आली ती दारातूनच बोलत.

"काका, आता बरं वाटतंय ना? ताईंचा मेसेज आला आणि मला इतकं वाईट वाटलं."

मृणालिनीचा हात तिच्या कोटाकडे गेला होता, तो तसाच राहिला. बाबांनी मुलीकडे पाहिलं. फार वेळ नाही.

"हो, हो. आता ठणठणीत," ते म्हणाले. "थंडी होती जरा."

*

"ताई, आता दोनच शनिवार राहिले," परतताना गाडीत ईशा म्हणाली. "मला चुकल्यासारखं होणार आहे. खरं म्हणजे मुलाखत कधीच संपलीये. पण काका शेवटी शेवटी थोडं इकडचं तिकडचं बोलतात ना, ते मला आवडतं. कामाचं नसतं, लिहून काढताना मी ते गाळते."

"इकडचं तिकडचं म्हणजे काय?"

"असंच. ते ठाण्याचे बाळासाहेब आहेत ना, कॅरमवाले? ते म्हणे आता दोन्ही बाजूंनी एकटेच खेळतात आणि फोनवर स्कोअर सांगतात. आणि फ्लॅटच्या ग्रिलमधल्या कुंड्यांना समोरच्या लीलाताई पाणी घालतात, म्हणाले. आज सांगत होते, इथे त्यांचं दिवसात एकदा बोलणं होतं, कोपऱ्यावरच्या डेअरीत. तो दुकानदार बाहेर बघून म्हणतो 'कोल्ड?', हे म्हणतात 'येस, कोल्ड.' झालं." ईशा हसली. "पण तक्रार नाही हां अजिबात. उलट म्हणतात, मृणाल फार करते माझं. फक्त असं सांगतात, हकीकत म्हणून."

मृणालिनीने गाडी बाजूला घेतली.

"काय झालं?"

"काही नाही. खडा लागला वाटतं चाकाला."

ती उतरली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत राहिली. दर शनिवारी. चहानंतर. कुठलीही मागणी नाही. ईशाला काही नको होतं. मुलाखत संपली होती आणि तरी इस्त्रीचा शर्ट निघत होता. शेजारी बसलेली ही मुलगी तीन वर्षं हाच इतिहास वाचत होती, स्पेनपासून इंडोनेशियापर्यंत, आणि हातात आलेली हकीकत कामाची नाही म्हणून गाळत होती.

आठवडेच्या आठवडे मृणालिनीने भिंतीपलीकडल्या त्या आवाजाचा हेवा केला होता. तो आवाज तिच्यासाठीच निघत होता. फक्त तिच्यासमोर काढायची बाबांना सोय वाटली नव्हती.

मागून एक ट्रक गेला, गाडी हलली.

"ईशा," ती म्हणाली, "त्या साहेबांना शेवटी कळलं का गं, की कोकणातली गोष्ट कुठून आली?"

"मीही विचारलं होतं काकांना. म्हणाले, कळलं असणार, माणूस हुशार होता. पण बोलले नाहीत कधी."

"वाईट वाटलं असेल त्यांना."

"साहेबांना? का?"

"सगळे त्यांच्या शेजाऱ्याशी बोलणार. त्यांच्याशी कोणीच नाही." तिने इंडिकेटर लावला, आरशात पाहिलं. "एखाद्याने समोर येऊन मागितलं असतं, तर कदाचित दिलंही असतं. कोणी मागूनच बघितलं नाही."

ईशाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "अरे, हे भारी आहे. साहेबाच्या बाजूने कोणी विचारच केला नाहीये, एकाही पुस्तकात नाही. मी काकांना सांगते हे."

"सांग," मृणालिनी म्हणाली.

*

शनिवारी ती ट्रे घेऊन आत गेली नाही. आलं किसलं, पातेल्यात टाकलं, आच कमी केली. भिंतीपलीकडे आधी बाबांचा आवाज होता, मग ईशाचा, बराच वेळ. ईशा सांगत होती, मध्येच हसत होती. मग तीही थांबली.

चहा उकळून वर आला. मृणालिनीने पातेलं उचलून धरलं, पुन्हा खाली ठेवलं.

दार उघडल्याचा आवाज आला. स्लिपर्स घासत पावलं पॅसेजमधून आली, अर्ध्यावर थांबली, पुन्हा निघाली. बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले, चौकटीला हात लावून. शाल तिकडेच राहिली होती.

"मृणाल."

शाल कुठे आहे, हे तिच्या ओठावर आलं होतं. ते तिने बोलू दिलं नाही.

"मला परत जायचंय," बाबा म्हणाले. "ठाण्याला. ते घर विकू नकोस."

तिने कल्पना केली होती, की हे वाक्य आलं तर काय काय म्हणता येईल. गुडघे, साखर, तिकडचा तिसरा मजला, रात्री कोण बघणार. सगळं तयार होतं आणि सगळं खरं होतं.

"काका?" आतून ईशाने हाक मारली. "येऊ का? का रेकॉर्डिंग थांबवू?"

"तू बस जरा," बाबा मागे न वळता म्हणाले. "मी हिच्याशी बोलतोय."

मृणालिनीने आच बंद केली. ओट्याला टेकून उभी होती, ती टेबलाची खुर्ची ओढून बसली आणि दुसरी खुर्ची पायाने थोडी बाहेर सरकवली. बसा म्हणाली नाही.

बाबा बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी सांगायला सुरुवात केली. बाळासाहेब दोन्ही बाजूंनी एकटेच कॅरम खेळतात इथपासून. मग लीलाताई आणि कुंड्या. मग कोपऱ्यावरचा डेअरीवाला. मृणालिनी हनुवटी तळहातावर टेकून ऐकत होती, आणि माहीत आहे, असं ती एकदाही म्हणाली नाही.